क्रेन जाईपर्यंत

मेव्हणा त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळा कारखानाच दाजी म्हणू लागला. वेल्डर दाजी म्हणायचे, क्रेनवाला दाजी म्हणायचा, आणि त्यांच्याहून दहा वर्षांनी थोरला असलेला मालकसुद्धा दाजीच म्हणायचा. एवढ्या सगळ्यांच्या बहिणी एकाच माणसाला कशा दिल्या, असं कुणी नवखा विचारी. क्रेनवाला त्याला सांगे, "राहा महिनाभर, तूही म्हणशील."

दाजींचं काम फोटो काढायचं. माणसांचे नव्हे, लोखंडाचे. कारखान्यात वाफेच्या मोठमोठ्या टाक्या बनायच्या आणि त्यांच्या वेल्डिंगचा एकेक सांधा आतून पक्का आहे की पोकळ, हे बघावं लागायचं. ते डोळ्यांना दिसत नाही, त्याला किरण लागतात. ते किरण सोडणारी गोळी असते मुगाच्या दाण्याएवढी. ती एका जडशीळ पेटीत बंद असते. पेटीच्या मागे लांब वायर आणि हँडल, पुढे बोटभर जाडीची नळी. हँडल फिरवलं की गोळी पेटीतून निघते, नळीतून सरकत टोकाशी जाते आणि पलीकडे चिकटवलेल्या फिल्मवर सांध्याचा फोटो उमटतो. मग हँडल उलटं फिरवायचं की गोळी परत पेटीत. बावीस फेऱ्या पुढे, बावीस फेऱ्या मागे. हँडल दाजींकडे, नळी मेव्हण्याकडे, अशी नऊ वर्षांची वाटणी होती.

मेव्हणा म्हणजे दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ, घरातलं शेंडेफळ. चौतीस वर्षांचा बाप्या, एका मुलीचा बाप, पण दाजींपुढे मान वर करून बोलायचा नाही. बहिणीनंच त्याला दाजींच्या हाताखाली लावलं होतं. "तुम्ही आहात म्हणून पाठवते," असं तेव्हा म्हणाली होती.

आता या कामात दोन राखणदार असतात. एक छातीवर लावायचा बिल्ला. अंगाला किती किरण लागले ते तो मुकाट्यानं साठवतो, आणि तीन महिन्यांनी तपासणीला जातो. दुसरं मीटर. गोळी उघड्यावर असली की ते कटकट वाजतं. बिल्ल्यावर वर्षाचा आकडा भरला की माणसाला उचलून स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला बसवतात. फोटोवाले होते दोघंच. एक स्टोअरमध्ये गेला की काम बंद. म्हणून दाजींनी डार्करूममध्ये एक खिळा ठोकला होता आणि काम निघालं की दोन्ही बिल्ले त्या खिळ्याला. बिल्ल्यांची तब्येत त्यामुळे ठणठणीत असायची. मीटरची कटकट दाजींना नको व्हायची, ते पेटीच्या कप्प्यात बंद करून ठेवलेलं असायचं. "माझा हात हेच मीटर," दाजी म्हणायचे. "आजवर एक फेरी चुकलेली नाही." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्यांना सांगणार कोण? सांगू शकेल असा एकच माणूस जवळ होता आणि तो मान खाली घालून नळी गुंडाळायचा.

त्या मंगळवारी दाजी गोळी मागे घेत होते, तेवढ्यात सुपरवायझरनं विचारलं, "किती राहिले, दाजी?" दाजी म्हणाले, "चार." बोलताना हात थांबला. पुन्हा हलला नाही. डोक्यात बावीस झाल्या होत्या, हँडलवर एकोणीसच. तीन फेऱ्या म्हणजे हात-सव्वा हात. गोळी पेटीच्या तोंडाबाहेर तेवढ्या अंतरावर नळीतच राहिली.

मेव्हण्यानं नेहमीप्रमाणे गाडा ओढायला घेतला. डाव्या हातात गाड्याची दांडी, उजव्या हाताच्या बोटांत नळी, ती जमिनीवर घासू नये म्हणून, आणि धरली होती नेमकी गोळी होती तिथेच. टाकीला वळसा घालून पुढच्या सांध्याकडे जायचं होतं. वाटेत क्रेन आडवी आली, डोक्यावर लोंबता पत्र्याचा गठ्ठा. क्रेन जाईपर्यंत तो उभा राहिला. मग पुढे जाऊन नळीचं टोक सांध्याला बांधलं आणि बाजूला झाला. दाजींनी हँडल फिरवलं आणि ते एकोणिसाव्या फेरीला अडलं.

गोळी आधीच बाहेर होती, म्हणून तीन फेऱ्या कमी लागल्या. त्यांनी बावीस फेऱ्या मोठ्यानं मोजत गोळी आत घेतली, पेटीला कुलूप घातलं आणि मेव्हण्याकडे गेले.

"हाताला काही वाटलं का रे?"

"काय वाटायचं?" मेव्हणा म्हणाला, आणि मग दाजींच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. तो आपल्या पंजाकडे बघत राहिला. पंजा जसाच्या तसा होता. या किरणांचं हेच तर आहे, ना चटका, ना वास, ना आवाज.

रात्री बोटं जराशी लाल झाली, चुरचुरली. सकाळी काही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही, आठवडा झाला तरी नाही. दाजी रोज सकाळी आधी त्याचा हात बघायचे, मग पेटी. "बघ, काही झालेलं नाही," ते म्हणायचे. "ऑफिसात सांगितलं तर चौकशी येईल. खिळा बघतील, मीटर बघतील, दोघांचीही लायसन्सं जातील. झाकली मूठ सव्वा लाखाची." मेव्हणा म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

तेराव्या दिवशी बोटं सुजली. चौदाव्या दिवशी अंगठा आणि त्याच्या शेजारची तीन बोटं आतल्या बाजूनं फोडांनी भरली. मेव्हण्याची बायको घाबरली, मोठ्या दवाखान्यात जाऊ म्हणाली. दाजींनी तिला समजावलं. डार्करूममधल्या औषधानं भाजलंय, उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? गल्लीतल्या डॉक्टरनं औषधानं भाजल्याचं मलम दिलं. दाजींनी त्याला रबरी हातमोजा घालायला दिला आणि कामावर आणलं, कारण तो घरी बसला तर लोक विचारणार. मोज्यात फोड फुटले. पाणी, घाम, घाण, सगळं आतच. रात्री तो हात उशीवर उभा धरून बसायचा, झोपायचा नाही. दाजींना हे ठाऊक होतं. बायकोला ते म्हणाले, "औषधाचं भाजलेलं असंच असतं. चिघळतं आणि बरं होतं." बायकोनं विश्वास ठेवला. न ठेवायला काय झालं होतं?

बाविसाव्या दिवशी मात्र मेव्हण्याची बायको कुणाचं न ऐकता नवऱ्याला मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. कातडीच्या डॉक्टरांनी हात उलटसुलट बघितला आणि धंदा विचारला. औषधानं भाजलं तर सांडेल तसं भाजतं, ओघळासारखं. इथे बोटांनी काहीतरी गोल धरलं होतं आणि जिथे धरलं होतं तेवढंच गेलं होतं. त्यांनी दोघांना वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथे कर्करोगाच्या पेशंटना शेक देतात, आणि किरणांनी कातडीचं काय होतं हे तिथल्या डॉक्टरबाईंनी वीस वर्षं रोज बघितलेलं होतं. बाईंनी विचारलं, हँडल कुणाकडे होतं? त्यांना घेऊन या.

दाजी दुपारी आले. छोटी खोली, टेबलावर वजनाचा काटा, खिडकीत फायलींचा ढीग. मेव्हणा हात छातीशी धरून बसला होता. कोपरापर्यंत सूज चढत होती.

"रक्त तपासलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते ठीक आहे. म्हणजे सगळ्या अंगाला फार लागलेलं नाही."

"म्हणजे वाचलो," दाजी म्हणाले.

"अंग वाचलं. हाताचं बोलतेय मी."

मेव्हण्याच्या बायकोनं विचारलं, "पण हात तर चांगला हलतोय, बाई. कालपर्यंत मूठ वळत होती. जळला असता तर हलला असता का?"

डॉक्टरबाई घाईत होत्या, पण या प्रश्नावर खुर्ची ओढून नीट बसल्या. "हे बघा, शरीरातलं सगळं सारखं नसतं. काही पेशी सारख्या कामाला जुंपलेल्या असतात, रोज जुन्या जातात, रोज नव्या बनतात. हाडांच्या आतला रक्त बनवणारा मगज, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, कातडीचा सगळ्यात खालचा थर. किरण आधी त्यांना गाठतात. स्नायू, नसा, वरचं टणक हाड, यांच्यात नवं बनायचं काम कमी, ते खूप सोसतात. म्हणून मूठ वळते. हलवणारं सगळं शाबूत आहे, झाकणारं मेलंय."

"म्हणजे आळशी वाचतात," मेव्हण्याची बायको म्हणाली.

"मग मला कसं झालं?" मेव्हणा म्हणाला. "ताईला विचारा, माझ्याएवढा आळशी घरात दुसरा नाही."

डॉक्टरबाईंना हसू आलं. दाजींना आलं नाही.

"मग लगेच का नाही दिसलं?" ते म्हणाले. "बारा दिवस तर काहीच नव्हतं."

"कारण वरची कातडी आधीच तयार असते, ती झिजेपर्यंत चालते. खालून नवी यायची तेव्हा कळतं की खाली कुणी उरलेलंच नाही. दोन-तीन आठवडे लागतात. डोळ्याला लागलं असतं तर मोतीबिंदू व्हायला वर्षं लागली असती. ज्याची त्याची वेळ असते."

मेव्हण्याच्या बायकोनं आवाज खाली आणून विचारलं, "आम्हाला अजून एक मूल हवंय. ते...?"

"तोही भाग नाजूकच, म्हणून विचारलंत ते बरं केलंत. पण गोळी तिथून लांब होती. तपासून घेऊ. वर्षभर थांबा, मग बघू." मग त्या दाजींकडे वळल्या. "आता मला एकच गोष्ट हवी. त्यानं नळी किती वेळ धरली होती?"

दाजी म्हणाले, "सात-आठ सेकंद."

"नक्की?"

"उचलली आणि ठेवली. बिल्ला नुकताच तपासणीला गेला होता, तोही कोरा आलाय, बघा ना."

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. दाजींच्या मानेला घाम सुटला होता आणि ते रुमाल शोधत होते.

"रक्त सगळ्या अंगाचं सांगतं, तीन बोटांचं नाही सांगत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बिल्ला छातीचं सांगतो. बोटांसाठी माझ्याकडे फक्त घड्याळ आहे. सात-आठ सेकंद असतील तर हे जंतूंमुळे बिघडलंय. औषध देऊ, थांबू, खालून कातडी येईल. एक-दोन मिनिटं असतील तर आतल्या बारीक रक्तवाहिन्याही मरताहेत, कातडी कधीच येणार नाही आणि मी थांबले तर पू पंजात उतरेल. मग बोटांचा नाही, मनगटाचा प्रश्न. तुमच्या शब्दावर मी थांबायचं की कापायचं ते ठरवणार आहे."

दाजींना रुमाल सापडला, त्यांनी मान पुसली. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे इथेही चालू होतं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "करून दाखवा."

बाहेरच्या लांब बोळात सलाइनचा चाकं असलेला स्टँड आणला. तो झाला गाडा. रबरी नळीचा तुकडा झाली नळी. पेशंटच्या बाकांची रांग झाली टाकी. नर्सबाईंनी बाकांवरच्या लोकांना पाय आत घ्यायला लावले. मेव्हण्याच्या उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून नळी त्यानं डाव्या हातात धरली आणि स्टँड त्याच्या बायकोनं ढकलायचा ठरला. डॉक्टरबाईंनी फोनवरचं घड्याळ चालू केलं.

मेव्हणा निघाला. जरा झपाझपच निघाला. बाकांना वळसा घातला आणि बोळाच्या मध्यावर आला. इथेच क्रेन होती. दाजींना पत्र्याचा गठ्ठासुद्धा दिसला, हलताना, कुरकुरताना, क्रेनवाल्यानं घंटी वाजवली ती ऐकू आली. मेव्हण्यानं मान किंचित वळवून दाजींकडे बघितलं. आणि थांबला नाही. तसाच पुढे गेला, भिंतीशी पोचला, नळी खाली ठेवली.

"एकतीस सेकंद," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सात-आठ नाही. पण तरी..." त्या विचार करत होत्या. "एकतीसमध्ये थांबून बघता येईल कदाचित."

मेव्हणा पट्टीचा हात छातीशी धरून भिंतीला टेकला होता. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं, आणि तरी त्यानं दाजींकडे बघून मान हलवली, झालं, असं म्हटल्यासारखी. स्वतःचा पंजा पणाला लावून हा पोरगा आपल्याला सांभाळतोय, हे दाजींना दिसलं. आपलेच दात आपलेच ओठ म्हणतात. इथे ओठ रक्ताळलेला होता आणि दात मोजत बसले होते.

"तो थांबला होता," दाजी म्हणाले.

"काय?"

"परत करा, बाई. वाटेत क्रेन आडवी आली होती. हा ती जाईपर्यंत उभा होता. मला दिसत होता तो." मग मेव्हण्याला म्हणाले, "चल, परत पहिल्यापासून. मी सांगेन तेव्हा थांबायचं आणि मी सांगेन तेव्हाच हलायचं."

"दाजी, जाऊ द्या ना."

"गप. चल."

पुन्हा बोळ मोकळा केला. मेव्हणा चालू लागला आणि मध्यावर दाजींनी हात वर केला. तो उभा राहिला. स्टँडची चाकं थांबली. बाकांवरचे लोक बघत होते. एक म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता की हे नाटक कसलं. दाजी डोळे मिटून क्रेन बघत होते. गठ्ठा निघाला, खांबापाशी डुलला, वेल्डरनं वरून काहीतरी ओरडून सांगितलं, क्रेनवाल्यानं पुन्हा जरा मागे घेतला, मग सोडला. इतकं सगळं व्हायला किती वेळ लागतो, हे त्यांनी बावीस दिवस एकदाही मनात मोजलं नव्हतं. आता मोजत होते, आणि मेव्हण्याच्या हातात नळी होती.

"चल," दाजी म्हणाले.

तो भिंतीशी पोचला. डॉक्टरबाईंनी घड्याळ थांबवून पडदा दाजींसमोर धरला. एक मिनिट बावन्न सेकंद.

"बिल्ले खिळ्याला होते," दाजी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "खिळा मी ठोकलाय. मीटर मी बंद ठेवायचो. फेऱ्या मी चुकलो. हे सगळं लिहा."

मेव्हण्याच्या बायकोनं स्टँड सोडला आणि दाजींकडे असं बघितलं की त्यांनी मान खाली घातली. डॉक्टरबाई तोवर फोनवर शस्त्रक्रियेची खोली मागत होत्या.

त्याच संध्याकाळी नेलं. मेलेलं सगळं काढलं, अंगठ्यावर मांडीची कातडी बसवली. अंगठा वाचला. अंगठ्याशेजारची दोन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत गेली. तिसरं, अंगठीचं बोट, मुळापासून गेलं.

दोन दिवसांनी दाजींनी डॉक्टरबाईंना जिन्यात गाठलं. तोवर कारखान्यात चौकशी येऊन गेली होती, पेटीला सील लागलं होतं, दाजींचं लायसन्स जमा झालं होतं. मालक त्यांना दाजी म्हणायचा बंद झाला होता. त्याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही.

"त्या तिसऱ्या बोटाचं विचारायचंय," दाजी म्हणाले. "नळी अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत होती. तिसरं नुसतं टेकलं होतं. मग मुळापासून तेच कसं गेलं?"

डॉक्टरबाईंनी हातातली फाइल या काखेतून त्या काखेत घेतली. "झालं ते झालं. त्यात आता कशाला शिरता?"

"खोटं मी पुष्कळ बोललोय, बाई. तुम्ही नका बोलू."

"त्याला कमी लागलं होतं," त्या म्हणाल्या. "फोड आले त्या दिवशी आणला असता, हात कोरडा आणि स्वच्छ ठेवला असता, तर बहुतेक राहिलं असतं. मोज्यात कुजलं ते. दोन बोटं किरणांनी नेली. ते एक त्या आठ दिवसांनी."

दाजींनी मान हलवली आणि वॉर्डात गेले. मेव्हणा जागा होता. हात भलामोठा बांधलेला, वर टांगलेला. "या, दाजी," तो म्हणाला. "अंगठा आहे ना. अंगठा असला की सगळं धरता येतं, नर्स म्हणाली. बाकीचं नशीब."

"नशीब नाही ते." दाजी उभेच होते. त्यांनी डॉक्टरबाईंचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं.

"मला मोजा घालायचा नव्हता," मेव्हणा छताकडे बघत म्हणाला. "फार दुखत होतं. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं मी." आणि मग, नऊ वर्षांत पहिल्यांदा, त्यानं दाजींच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "पण तुम्हाला दिसत होतं की. ताईला तुम्ही सांगा हे. मी नाही तुमच्या वतीनं आता काही सांगणार."

दाजींची बायको बाहेर बाकावर बसली होती. मांडीवर भावासाठी आणलेला डबा, शेजारी धुतलेल्या कपड्यांची पिशवी. तिला क्रेनचं कळलं होतं, फेऱ्यांचं कळलं होतं. दोन दिवस ती नवऱ्याशी कामापुरतं बोलत होती, पण बोलत होती. माणसाच्या हातून चूक होते, असं काल म्हणालीही होती. दाजी तिच्याजवळ बसले आणि त्यांनी तिसऱ्या बोटाचं सांगितलं. मोज्याचं सांगितलं. तो रात्री हात उभा धरून बसायचा, ते आपल्याला माहीत होतं, हेही सांगितलं.

ती ऐकत होती. मधे एकदा डब्याचं झाकण लागलंय का बघितलं.

"म्हणजे मी तुम्हाला विचारलं होतं तेव्हा," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात. तो बरा होतोय ना, म्हणून. तेव्हा ते बोट होतं."

"होतं."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"हो."

ती डबा आणि पिशवी घेऊन उठली. दाजीही उठले, सवयीनं पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही बसा इथेच," ती म्हणाली. "त्याला मी भरवते. त्याला डाव्या हातानं जमत नाही."